रबरबँडचा वळ

1952 साली अमेरिकेतल्या ‘टॉप्स’ या बबलगम कंपनीनं बेसबॉलपटूंच्या 407 कार्डांचा संच बाजारात आणला. त्यातलं पहिलं कार्ड ब्रुकलिन डॉजर्सच्या अँडी पॅफ्कोचं. चांगल्या स्थितीतला पॅफ्को मिळणं आज महाकठीण झालं आहे, आणि त्याचं कारण अगदी घरगुती आहे. मुलं कार्डं आकड्यांप्रमाणे लावायची, गठ्ठ्याला रबरबँड घालायची आणि तो गठ्ठा खिशात कोंबून शाळेत न्यायची. सगळ्यात वर पॅफ्को. त्यामुळे त्याच्या कडांना खाचा पडल्या, अंगावर वळ उमटले, कोपरे झिजले. सगळ्यात खाली 407 क्रमांकाचा एडी मॅथ्यूज. त्याचीही तीच गत. मधली कार्डं मात्र या दोघांनी सांभाळली.

1998 मध्ये असा एकही वळ नसलेला एक पॅफ्को 80 हजार डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. या कार्डांच्या बाजाराचं सगळं गणित या एका विक्रीत आहे. ज्या कार्डाला कोणा पोरानं रोज हाताळलं, त्याची किंमत नगण्य. ज्याला कोणी हातच लावला नाही, ते लाखमोलाचं. हे गणित उफराटं आहे, असं आम्हाला स्पष्टपणे म्हणायचं आहे.

मुळात हा संच हाताळण्यासाठीच जन्माला आला. टॉप्सचे साय बर्गर यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहकाऱ्यासोबत बसून त्याची मांडणी केली. पुढच्या बाजूला रंगवलेलं छायाचित्र, संघाचं चिन्ह आणि खेळाडूची सही. मागे त्याची माहिती आणि कामगिरीचे आकडे. टीव्ही अजून घरोघरी पोहोचायचा होता. तेव्हा मुलांना आपला खेळाडू जवळून दिसे तो याच कागदावर. संच टप्प्याटप्प्यानं आला. 311 ते 407 ही शेवटची 97 कार्डं दुकानांत पोहोचेपर्यंत हंगाम सरत आला होता, मुलं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. 1960 मध्ये गोदाम रिकामं करण्यासाठी उरलेली खोकी बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवली, असं बर्गर पुढे सांगत.

याच शेवटच्या टप्प्यात 311 क्रमांकाचा मिकी मँटल आहे. ऑगस्ट 2022 मध्ये त्याचं एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. 1980 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये जो न हाताळलेला साठा सापडला, त्यातलं हे कार्ड. ते इतकं कोरं राहिलं, कारण ते कुठल्याही मुलाच्या हाती पडलंच नव्हतं. आता ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, वर स्थितीला दिलेल्या गुणांची चिठ्ठी लावून ठेवलेलं असतं. गुण एकदा सर्वस्व झाले की लोक काय करतात, हेही जगानं पाहिलं आहे. सिगारेटच्या पाकिटांतून 1909 ते 1911 या काळात निघालेल्या संचातलं होनस वॅग्नरचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड दहापैकी आठ गुण मिळवून मिरवत होतं. त्याच्या कडा आपणच कातरल्या होत्या, अशी कबुली लिलावाच्या धंद्यातलं बडं प्रस्थ बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये दिली.

एकेका कार्डामागे धावणाऱ्याच्या हातून काय निसटतं, ते पाहा. 3 ऑक्टोबर 1951, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. डॉजर्स आणि जायंट्स यांच्यातला निर्णायक सामना शेवटच्या डावात आला होता. राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर बॉबी थॉमसननं होमरन मारला आणि जायंट्सनी नॅशनल लीगचं विजेतेपद हिसकावून घेतलं. चेंडू डाव्या कुंपणापलीकडे गेला तेव्हा त्या भिंतीपाशी मान वर करून उभा होता तो पॅफ्को. थॉमसननंतर बॅटिंगला येणार होता वीस वर्षांचा विली मेज. सगळं स्टेडियम वेडं झालेलं असताना डॉजर्सचा जॅकी रॉबिन्सन मात्र जागचा हलला नाही. थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही, ते तो डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला.

पुढच्याच वर्षीच्या या संचात ही सगळी माणसं हजर आहेत. पॅफ्को 1, मेज 261, रॉबिन्सन 312, थॉमसन 313, ब्रँकाही आहेच. संच पूर्ण असेल तर तो क्षण टेबलावर पुन्हा मांडता येतो. मँटलचं एकटं कार्ड तिजोरीत ठेवून हे साधत नाही. शिवाय संचात ती शेकडो नावंही आहेत, ज्यांना संग्राहक ‘कॉमन’ म्हणतात: दोन-चार हंगाम खेळून घरी गेलेली, कुठल्याही लिलावात न झळकणारी. संच पुरा करणाऱ्याला मात्र त्यांच्यातला एकही वगळून चालत नाही. एका अनामिक राखीव खेळाडूच्या कार्डासाठी तो वर्षानुवर्षं जुन्या कार्डांचे खोके धुंडाळतो, यादीत त्याच्या नावापुढे खूण करतो आणि समाधानानं झोपतो. इतक्या माणसांची अशी आठवण दुसरं कोण ठेवतं?

या छंदाचा खरा आदर्श जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी कारखान्यात काम करणारा, संधिवातानं हात जखडलेला हा माणूस. त्यानं जमवलेली तीन लाखांवर छापील कार्डं आणि चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. त्यांपैकी तीस हजारांहून अधिक बेसबॉलची. देऊन तो थांबला नाही. वाकड्या झालेल्या बोटांनी म्युझियममध्ये बसून ती अल्बममध्ये चक्क डिंकानं चिकटवली, क्रमवार लावली. जानेवारी 1963 मध्ये काम संपलं आणि दोन महिन्यांत तो गेला. बाजाराच्या हिशेबात डिंक लागलेल्या कार्डाची किंमत मातीमोल. पण त्याच्यामुळेच ते संच आज एकत्र आहेत.

म्हणून आमचं मागणं एवढंच: ज्यांच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत असा संच असेल, त्यांनी तो फोडू नये. सुटी कार्डं विकून पैसे जास्त येतील, हे खरं. पण एकदा विखुरलेला संच पुन्हा जुळवायला एक आख्खं आयुष्य कमी पडतं. विकायचाच तर सगळा एकत्र विका, आणि घेणाऱ्याला तो तसाच ठेवायची अट घाला. नव्यानं जमवू पाहणाऱ्यानं झिजलेल्या कोपऱ्यांची लाज बाळगू नये.

पॅफ्को आणि मॅथ्यूज, म्हणजे गठ्ठ्याचा पहिला आणि शेवटचा, हे दोघे 1953 मध्ये मिलवॉकी ब्रेव्हज या एकाच संघात आले आणि 1957 मध्ये एकत्र वर्ल्ड सिरीज जिंकले. त्यांच्या कार्डांवरचा रबरबँडचा वळ म्हणजे मधली 405 कार्डं कोणीतरी एकत्र बांधून ठेवली होती, याची खूण आहे. असं वळ पडलेलं कार्ड हाती आलं, तर ते अभिमानानं जागेवर लावावं.