टच

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नव्हतो. आज लिहायला बसलोय, कारण डोकं तापलंय. (आत्या, तू हे वाचणार हे ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

भाचा यंदा कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आला. परवा नगरला चर्चमध्ये उपासनेनंतर त्याचा सत्कार झाला. शाल, गुलाबाचं फूल, पाकीट, आणि मग उपदेश. रविवारी मैदानावर पाय ठेवायचा नाही, गळ्यातला क्रूस जर्सीच्या बाहेर दिसू द्यायचा, आणि जिंकल्यावर सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे. का, तर त्यातून साक्ष होते! पोरगा बिचारा मान हलवत होता.

उदाहरण अर्थातच एरिक लिडेलचं. आमच्याकडे ही गोष्ट 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या सिनेमातून आलीय. बोटीवर चढताना त्याला कळतं की १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे, आणि तो बाणेदारपणे नकार देतो. प्रत्यक्षात एडिंबरो विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याला वेळापत्रक कित्येक महिने आधीच कळलं होतं. त्याने गाजावाजा न करता १०० मीटर सोडलं आणि २०० व ४०० ची तयारी केली. पॅरिसमध्ये १९२४ साली त्याने ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकलं, २०० ला कांस्य मिळवलं. सुरुवातीच्या रेषेवर तो प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायचा. त्या काळी पाय रोवायला मातीत खड्डे खणावे लागत, त्यासाठी स्वतःची खुरपीही दुसऱ्यांना द्यायचा. याबद्दल सत्कारात एक अक्षर नाही.

आणि पुढचं तर कोणीच सांगत नाही. लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या नजरकैदेत सापडला आणि १९४५ मध्ये छावणीतच वारला. त्या छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, फक्त रविवारी नाही. एका रविवारी मुलं पंचाविना खेळली आणि मारामारी झाली. त्यानंतर रविवारीही शिट्टी घेऊन उभा राहिला तो हाच लिडेल. ज्याने रविवारपायी १०० मीटर सोडलं, त्याने पोरांच्या भांडणापायी रविवार सोडला. आता सांगा, त्याच्याकडून नेमकं काय शिकायचं?

अमेरिकेत टिम टेबो नावाचा फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू होता. २००९ च्या अंतिम सामन्यात डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर योहान ३:१६ लिहून उतरला. पुढच्या वर्षी तिथल्या कॉलेज संघटनेने पट्ट्यांवर काहीही लिहायला बंदी केली. मला टेबोवर राग नाही. दहा-बारा पोरांच्या टीममध्ये एकटाच ख्रिस्ती असलेल्या मुलाला गळ्यातल्या क्रूसाने धीर येतो, हे मी अनुभवलंय. पण धीर येणं वेगळं आणि साक्ष होणं वेगळं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

१९९७. आंतरमहाविद्यालयीन फायनल, निर्णायक सेट, आम्ही १४-१३. त्यांच्या डाव्या बाजूच्या पोराने स्मॅश मारला, मी ब्लॉकला उडी घेतली. बॉल माझ्या करंगळीला घासून मागे बाहेर गेला. पंचाने 'आउट' दिला. म्हणजे टच नाही, पॉइंट आमचा, ढाल आमची. जाळीपलीकडून तो पोरगा माझ्या हाताकडे बघत होता. काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी बोट वर केलं असतं तर १४-१४ झालं असतं. मी दोन्ही हात वर केले, छातीवर क्रूसाची खूण केली (आम्हा प्रोटेस्टंटांत ती रीतही नाही, टीव्हीवर पाहून उचललेली!) आणि गुडघे टेकले.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष दिली की प्रभूने विजय दिला. लोक आमेन म्हणाले. आईने ढाल शोकेसमध्ये ठेवली, अजून तिथेच आहे. कुणाकुणाला अजून ती साक्ष आठवते. भाच्याच्या सत्कारात मला 'आदर्श' म्हणून उभंही केलं गेलं. मी उभा राहिलो!

मला कोणी रविवारी खेळायला लावलं नव्हतं. माझा क्रूस सगळ्यांना दिसत होता. गुडघेही टेकले होते. त्या उपदेशाच्या तिन्ही कसोट्यांना मी उतरलो होतो, आणि तरी तो पॉइंट चोरीचा होता. म्हणून म्हणतो, या कसोट्या फेका. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं धावणाऱ्यांचं उदाहरण आम्ही पोस्टरवर छापतो, पण तीमथ्याला लिहिताना तो खेळाडूचा दाखला नियमांसाठी देतो, तो कोण छापतो? पोराला विचारायचं तर हे विचारा: पंचाचं चुकलं तेव्हा तू काय केलंस? बेंचवरच्या पोराला कधी पाणी नेऊन दिलंस का? वयाचा खोटा दाखला घेऊन खेळणारा तुमच्या टीममध्ये असेल तर तू गप्प आहेस का? हे विचारायला कोणी उठत नाही, कारण याचे फोटो निघत नाहीत आणि यात हरायची शक्यता असते.

भाच्याला काल रात्री हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण मी टच सांगितला तर कोच मला बसवेल." बसवेल, म्हटलं.

ता.क. : ढाल मी शोकेसमधून काढून माळ्यावर ठेवलीय. आईने अजून विचारलेलं नाही.