झोपाळ्याला तेल कोण घालणार?

मुलांसाठी क्रीडांगणे उभारणारे पुष्कळ, राखणारा कोण? नारळ फुटतो, कोनशिला बसते, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात झोपाळ्याची कडी गंजते. तिला तेल घालायचे, खालचा खड्डा वाळूने भरायचा, घसरगुंडीचा सुटलेला पत्रा एखाद्या पोराची मांडी फाडण्याआधी ठोकायचा, तर माणूस लागतो, आणि तोही पगारी! त्याच्यासाठी पैसा नसतो. कोनशिलेवरची नावे मात्र दरसाल रंगतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातही शाळेला क्रीडांगण हवे, एवढेच म्हटले आहे; ते केवढे, ते नाही. (मी मास्तर आहे, अशा उत्तराला निम्मेच गुण देतो.) आमच्या वस्तीतल्या मैदानात ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे. मुले तिचाच स्टंप करतात. नगरपित्यांनी पुढचा नारळ फोडण्यापूर्वी त्या पाटीवर राखणदाराचे नाव लिहावे, आणि त्याचा पगारही.