चांगदेवांना मेट्रो दाखवली असती तर?

मागच्या रविवारी बंगळुरूत धो धो पाऊस, त्यात वीज गेलेली आणि वाय-फाय बंद. आमचे चिरंजीव, इयत्ता पाचवी, घरभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी सासूबाईंनी त्याला जवळ बसवलं आणि ज्ञानेश्वरांच्या भिंतीची गोष्ट सुरू केली. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव आळंदीला निघाले. इकडे चारही भावंडं भिंतीवर बसलेली. पाहुण्याला सामोरं जायचं म्हणून ज्ञानेश्वरांनी भिंतीलाच चालायला सांगितलं.

"आजी, भिंत किती स्पीडने चालली?"

"आता ते कोणी मोजलंय बाळा!"

"मेट्रोपेक्षा हळूच असणार. मग चांगदेवांना आपली मेट्रो दाखवली असती, तर ते मेट्रोच्याच पाया पडले असते!"

मी स्वयंपाकघरातून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाल्या. तो प्रश्न मात्र दिवसभर माझ्याही डोक्यातून जाईना.

मंडळी, खरं सांगायचं तर मुलाचं काही चुकलं नव्हतं. नुसती करामत मोजायची झाली, तर आपण त्या गोष्टींच्या कधीच पुढे गेलोय. संजयाला दिव्यदृष्टी मिळाली म्हणून धृतराष्ट्राला घरबसल्या युद्ध कळलं. आपण 23 ऑगस्ट 2023 ला चहा पिता पिता चांद्रयान-3 चंद्रावर उतरताना पाहिलं. पुष्पक विमान एकच होतं, इथे आकाशात विमानांची रांग लागते. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, आणि आज फोन पाण्यात पडला तरी त्यातले फोटो दुसरीकडे जपलेले असतात. तेराव्या शतकातला माणूस आपल्या हॉलमध्ये येऊन बसला, तर तासाभरात चक्कर येऊन पडेल.

पण आपल्याला कुठे चक्कर येते? माझे वडील ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायचे. आवाज आला की सगळं घर फोनभोवती गोळा व्हायचं. आज अमेरिकेतल्या भावाचा चेहरा दिसतो, आणि तो दोन सेकंद अडकला तरी आपण वैतागतो. नव्या फोनचं कौतुक पहिल्या ओरखड्यापर्यंतच टिकतं. भिंतीची गोष्ट मात्र सातशे वर्षांनंतरही वीज गेली की बाहेर येते. असं का?

दुपारी मी ती गोष्ट पुन्हा मनात घोळवली. तेव्हा लक्षात आलं की तिच्यातला खरा करामती माणूस चांगदेव आहेत. आख्यायिका त्यांना चौदाशे वर्षांचं आयुष्य देते. वाघ-साप त्यांच्या हुकमात. त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं, पण मायना काय लिहावा हेच ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. आणि शेवटी काय झालं? भिंत चालली आणि थांबली. चांगदेवांचा अभिमान मात्र कायमचा गेला. आपल्याहून कितीतरी लहान मुक्ताबाईला त्यांनी गुरू मानलं.

पैठणच्या रेड्याचंही तसंच. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची ही मुलं. 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत टाकलेली, आईवडील गमावलेली. शुद्धिपत्र मागायला ती पैठणच्या धर्मसभेपुढे उभी राहिली. तिथे ज्ञानेश्वर म्हणाले, सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे. कोणीतरी रेड्याकडे बोट दाखवून हिणवलं, आणि परंपरा सांगते की त्या रेड्याच्या तोंडून वेद आले.

आता समजा, त्या सभेत मध्यभागी मोबाइल ठेवला असता आणि त्याने घडाघडा वेद म्हटले असते. सभा थक्क झाली असती. मोबाइल हातोहात फिरला असता. आणि ती चार पोरकी मुलं तशीच दारातून परत गेली असती.

रेडा खरंच बोलला का, यावर श्रद्धावंत आणि चिकित्सक भांडत राहतील. मला त्या भांडणात पडायचं नाही. पण ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच्यासाठी ती गोष्ट दार उघडते. लोकांनी जपलं ते हे.

तंत्राला हे जमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. अर्ध्या तासात गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा समोर नातू उभा होता. "अगं बाई, याच्या भुवईजवळ तीळ आहे!" असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. दहा वर्षं ज्याला मांडीवर खेळवलं, त्याचा तीळ त्यांना आता दिसला होता. त्यांनी नातवयाच्या डॉक्टरीणबाईंना हात जोडले, मग डोळे मिटून पांडुरंगालाही जोडले. दोघांमध्ये त्यांना कुठेच भांडण दिसलं नाही.

या भिंगाचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे घुसत. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं की डोळा ते तुकडे सहन करतो. 1949 मध्ये लंडनला त्यांनी तशाच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आंधळ्याला दृष्टी मिळाल्याच्या गोष्टी सगळ्याच धर्मांत आहेत. आज ते काम रोज सकाळी रांगेने होतं. तरीही जगात अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच आहे, कारण हा अर्धा तास अजून कित्येकांपर्यंत पोचलेलाच नाही. म्हणजे पैठणचा प्रश्न आजही शिल्लक आहे: हे कोणासाठी, आणि दाराबाहेर कोण उभं आहे?

संध्याकाळी वीज आली. चिरंजीव फोनकडे धावले, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली.

"इकडे ये. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगते. चांगदेवांना मेट्रो आवडली असती रे. बसलेही असते हौसेने."

"बघ, मी म्हटलं होतं ना!"

"पण मला सांग, परवा आपण मेट्रोतून येत होतो, तेव्हा तुझ्यासमोर काठी घेतलेले एक आजोबा उभे होते. किती स्टेशनं उभे होते?"

तो गप्प.

"तू फोनमध्ये होतास. शेवटी मी उठायला लागले, तर पलीकडच्या मुलीने जागा दिली. अरे, दगडामातीची भिंत पाहुण्यासाठी हलली म्हणतात. तू हललास का?"

घरात एकदम शांतता पसरली. मी पोळ्या लाटत होते, पण माझेही कान गरम झाले. कारण त्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर मी होते, आणि माझ्याही हातात फोनच होता.

शनिवारी आम्ही तिघं पुन्हा मेट्रोने निघालो. दोन स्टेशनांनंतर एक बाई कडेवर बाळ घेऊन चढली. मी उठायच्या आत चिरंजीव उठलेले होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला कोपराने हळूच ढोसून म्हणाल्या, "चालली गं भिंत."