उच्चार अस्पष्ट, विचार स्पष्ट

पक्षाघातानंतर अनेकांचे शब्द मनात शाबूत असतात. दुबळे होतात ते जीभ, ओठ आणि श्वास यांचे स्नायू. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ मात्र प्रामुख्याने स्पष्ट उच्चारांवरच शिकलेले असते. त्याने चुकीचे लिहिले, म्हणून रुग्णाची बुद्धी मंदावली असे समजू नये. विश्रांतीनंतर, ताठ बसून, दोन-तीन शब्दच सावकाश बोलावेत. ‘पाणी हवे’, ‘दुखते आहे’ असे निरोप घरच्यांनी आधीच लिहून ठेवावेत. संकटकाळी आवाजावर विसंबू नये. आपत्कालीन बटणाचा सराव करावा.

मात्र कालपर्यंत समजणारे बोलणे आज अचानक अडखळले, तर दोष घड्याळाला देऊ नका. तत्काळ १०८ ला कळवा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि देवगाव रंगारीहून छत्रपती संभाजीनगर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.