पॅरिसला दिलेला शब्द आणि कोरडवाहूचा विमा

बैठक भूगावात ठरली तेव्हा कपाशीच्या मुलखातून विचारणा झाली, भाताच्या आणि आता पुण्याच्या इमारतींच्या या गावात आपले काय काम? काम आहे. याच पौड रस्त्याने पुढे गेले की मुळशी धरण लागते. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. बिनधुराची वीज म्हणून आज तिचे कौतुक होते. जमीन कोणाची गेली हे त्या कौतुकात येत नाही.

२०१५ साली पॅरिसला हवामानाचा करार झाला. भारताने त्यात दिलेला शब्द २०२२ मध्ये वाढवला : २०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता कोळसा-तेलाशिवायची. जून २०२५ मध्येच ती गाठल्याचे सरकारने जाहीर केले. पाच वर्षे आधी! (क्षमता बरे का, प्रत्यक्ष वीज अजून निम्म्याहून जास्त कोळशाचीच.) तरी हे झाले ते चांगलेच झाले. सूर्याच्या विजेशी आमचे भांडण नाही. दिवसा पाणी देता आले तर रात्री साप-विंचवात कोण जाईल?

पण त्याच कागदावर दुसराही शब्द आहे. बिघडलेल्या हवामानापुढे शेती आणि पाणी टिकावे म्हणून तिथे जादा पैसा घालू, असा. त्याला मीटर नाही, त्यात कंपनीचा नफा नाही. म्हणून तो मागे पडतो.

जागतिक बँकेच्या कर्जातून विदर्भ-मराठवाड्यात २०१८ पासून ‘पोकरा’ आला. त्यातली कामे वाईट नाहीत. रुंद वरंबा-सरीवर पेरलेले पीक पावसाच्या खंडात तग धरते, हे अनेकांनी आपल्या वावरात पाहिले. पण शेततळे असो की ठिबक, आधी स्वतः खर्च करायचा, अनुदान मागाहून. ज्याच्या गाठीला पैसा तो हवामानाला तोंड द्यायला तयार झाला. बाकीचे सावकाराच्या ओट्यावर.

विम्याचे तर विचारूच नका. २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला. गैरप्रकार झाले म्हणून २०२५ च्या खरिपात तो बंद केला आणि कपाशीला विमा रकमेच्या ५ टक्के, ज्वारीला २ टक्के हप्ता लावला. हप्त्याचे आम्ही समजू शकतो. चोर पकडायचे सोडून घराचे दार काढून नेले, हे समजत नाही. अतिवृष्टीने एकट्याचे वावर बुडाले, पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्यात पीक गेले, या भरपाया राज्याने त्या खरिपात काढून टाकल्या. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, तोही साऱ्या मंडळाच्या सरासरीचा. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शिवारात शिरल्या, वाफ्यातली माती खरडून गेली. मग पॅकेज जाहीर झाले. पॅकेज मंत्र्यांच्या मर्जीवर, विमा हप्ता भरलेल्याच्या हक्काचा. दोन्ही एक नव्हेत.

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले आणि वेळेवर दिले नाहीत, ही आपल्या सरकारची तक्रार रास्तच आहे. पण दिल्ली-मुंबईने आमच्याशी तेच करावे?

भूगावच्या बैठकीत दोनच ठराव मांडणार आहोत. वावरनिहाय नुकसानीची भरपाई विम्यात कायमची हवी. आणि पोकरासारख्या कामात अल्पभूधारकाला निम्मे अनुदान पूर्वसंमतीबरोबरच हातात मिळावे. येताना २०२५ च्या विम्याची पावती आणि पंचनाम्याची नक्कल आणावी.