सोयाबीनचा ढोबळ नफा आणि मक्त्याचे वावर

खरीप २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्यासाठी धरलेला उत्पादन खर्च ३,५५२ रुपये. खर्चावर ५० टक्के जास्त, म्हणजे कागदावरचा हिशेब बरोबर आहे. तरीही अकोला-अमरावतीच्या अनेक शेतकऱ्यांना तो आपल्या वावराचा हिशेब वाटत नाही.

हा खर्च ‘ए२+एफएल’ पद्धतीचा आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, प्रत्यक्ष दिलेला मक्ता आणि घरच्यांची मजुरी त्यात येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरील व्याज धरले की खर्च ‘सी२’ होतो, पण हमीभाव त्यावर ठरत नाही. शिवाय ३,५५२ ही देशाची सरासरी आहे. तुमचा क्विंटलचा खर्च तुमच्या उताऱ्यावर ठरतो.

समजा, एकरी रोख खर्च १६,००० रुपये आणि घरची मजुरी ३,००० रुपये. (हे आकडे समजण्यापुरते, आपले टाकून पाहावेत.) ७ क्विंटल झाले तर क्विंटलला सुमारे २,७१४ रुपये पडतात. सोंगणीत पाऊस आला किंवा पिवळा मोझॅक पडला आणि ४ क्विंटलच हाती लागले, तर मळणी-हमालीचे काही पैसे वाचून रोख खर्च १५,२०० होईल, पण क्विंटलचा खर्च ४,५५० वर जाईल. पेरणी, डवरणी, निंदण आधीच होऊन गेलेले असते, ते कमी होत नाही.

विक्रीतून त्या पिकाचा रोख खर्च वजा केला की ढोबळ नफा. हमीभावाने ७ क्विंटलला तो २१,२९६ रुपये, ४ क्विंटलला ६,११२. त्यातून घरची मजुरी, मक्ता, पीककर्जाचे व्याज, मोटर-अवजारांची झीज वजा जाते. एकरी मक्ता १०,००० असेल तर ४ क्विंटलला तोटाच. मक्ता आणि घरची मजुरी भरून निघायला हमीभावाने सुमारे साडेपाच क्विंटल लागतात. बाजारात ४,२०० ने विकावे लागले तर जवळपास ७. ओलावा १२ टक्क्यांवर असेल तर खरेदी केंद्र माल घेत नाही, म्हणून पाडव्याला मक्त्याचा करार करताना हमीभावाचा नव्हे, बाजारभावाचा आकडा धरावा. उताराही मागच्या पाच वर्षांतला वाईट वर्षाचा घ्यावा. चांगले वर्ष सगळ्यांनाच आठवते.

ढोबळ नफा कामाचा आहे तो एकाच वावरात काय पेरायचे हे ठरवायला, कारण जमीन आणि बैलजोडी दोन्हींकडे तीच असते. सोयाबीनमध्ये तूर घेतली असेल तर दोन्हींची विक्री एकत्र धरावी, खर्चही एकत्र. कुटार विकले किंवा जनावरांना घातले तर तेही जमेत येते. बहुतेक जण ते विसरतात.

कपाशीत मजुरीचा मोठा भाग वेचणीचा, आणि ती किलोवर असल्याने उताऱ्याबरोबर कमी-जास्त होते. शेवटी बोंडे विरळ झाली की मजूर किलोमागे जास्त मागतात. तेव्हा आधीचा खर्च बाजूला ठेवून फक्त वेचणी आणि मिळणारा भाव तपासावा. फरदड ठेवताना मात्र आणखी एक खर्च पुढच्या हंगामाच्या खात्यात जातो: गुलाबी बोंडअळीच्या फवारण्यांचा.