कानात बिल्ला, पण क्षयाचे काय?



डोंबिवलीभोवती भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी आसपासच्या गावांत अजून काही दारी गाई-म्हशी आहेत. आपल्याही जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असेल. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस टोचतात, तशीच चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची. ती अवश्य टोचून घ्या. पण बिल्ला पाहून निर्धास्त राहू नका. क्षयाची लस त्यात नाही.

बुळकांडी लसीच्या बळावर हटली. २०११ साली सारे जग तिच्यातून सुटले. क्षयाचे तसे नाही. तो अंगात वर्षानुवर्षे दडून राहतो. म्हैस खाते, दूध देते, आणि आतून पोखरलेली असते. ती खोकू लागेपर्यंत शेजारच्या दावणीला लागण झालेली असते. ऑस्ट्रेलियाने १९७० पासून जनावरे तपासून, बाधित तेवढी मारून १९९७ पर्यंत हा रोग घालवला. आपल्या राज्यात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे. तो मार्ग आपला नाही. मग आपली खबरदारी आपल्याच गोठ्यात हवी.

म्हसा यात्रेच्या बाजारातून असो वा आणखी कुठून, नवे जनावर आणले की आधी वेगळे बांधा. पशुवैद्यकांना ट्युबरक्युलिन चाचणीबद्दल विचारा. कातडीत सुई देतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. जनावर बाधित निघाले, तर त्याचे दूध घरात घेऊ नका, डेअरीलाही घालू नका. पुढे काय करायचे ते पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरवा. गुपचूप बाजारात नेऊन विकण्याचा मोह होईल. कर्ज काढून घेतलेली म्हैस असली, तर फारच होईल. पण आपला तोटा दुसऱ्याच्या दावणीला बांधणे हे पाप आहे.

घरात कुणाला दोन आठवडे खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. क्षयाची औषधे तिथे मोफत मिळतात. माणसाचा क्षय जनावरालाही लागू शकतो.

आणि आजीबाई, एक विनंती तुम्हाला. नातवाला धारोष्ण दूध पाजण्यात तुमची माया आहे, हे खरे. पण त्या दुधातून क्षय पोराच्या पोटात जाऊ शकतो. दूध चांगले उकळू द्या, मगच पेला भरा. उकळीने जंतू मरतात, माया कमी होत नाही.